कल्याणची आनंदी आणि रोझेलची मावशी



डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव तुम्हाला नवीन नाही. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ते असतंच. पहिली महिला डॉक्टर कोण, असं वर्गात विचारलं की शेवटच्या बाकावरचा मुलगाही उत्तर देतो. (तसं पाहिलं तर १८८६ सालीच कोलकात्याच्या कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या. त्यामुळे दोघींचीही नावं लक्षात ठेवा.) पण त्या एका ओळीच्या उत्तरामागे आणखी एक बाई उभी आहे. तिचं नाव कुठल्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही. थिओडिसिया कार्पेंटर. ही बाई डॉक्टर नव्हती, मिशनरी नव्हती, कुठल्या संस्थेची अध्यक्षही नव्हती. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल या गावी राहणारी, ख्रिस्ती घरातली, मुलीबाळींची आई. आज आपण आनंदीबाईंचं चरित्र पाहणार आहोत, पण या बाईंना सोबत घेऊन.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. घराणं कल्याणच्या जोशींचं. एकेकाळी जमीनजुमला असलेलं, पण तोवर परिस्थिती ओढगस्तीची झालेली. वडील गणपतराव. कल्याण तेव्हाही ठाणे जिल्ह्यातच होतं आणि रेल्वे कल्याणला पोहोचून दहा-अकरा वर्षं झाली होती. म्हणजे बघा, गावात आगगाडी आली होती, टपाल कचेरी होती, पण मुलीनं पाटीवर अक्षर काढलेलं मात्र लोकांना चालत नव्हतं. सुधारणा रुळांवरून लवकर येते, घराच्या उंबऱ्यातून आत यायला तिला वेळ लागतो.

याच टपाल खात्यात गोपाळराव जोशी नावाचे कारकून होते. मूळचे संगमनेरचे. पहिली पत्नी वारलेली. स्वभाव विक्षिप्त, तापट, पण डोक्यात एकच ध्यास, की बायको शिकलेली हवी. १८७४ मध्ये नऊ वर्षांच्या यमुनेचं त्यांच्याशी लग्न झालं. नवरा तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. लग्नाआधीच त्यांनी अट घातली होती, मुलीला मी शिकवणार, मध्ये कोणी बोलायचं नाही. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

आता इथे थोडं थांबूया. तुम्ही चित्रपट पाहिला असेल किंवा कादंबरी वाचली असेल, तर गोपाळराव तुम्हाला आवडले असतील. मलाही त्यांचं कौतुक आहे. पण ते आनंदीला मारत असत, हेही खरं आहे. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमली की मार बसायचा. दहा वर्षांच्या पोरीला लाकडानं मारणं, खुर्ची फेकणं, सोडून जाण्याची धमकी देणं, हे सगळं तिनं पुढे अमेरिकेतून नवऱ्यालाच पत्रात लिहून दाखवलं. रागानं नाही, हिशोब मांडावा तसं. तुमच्यामुळेच मी इथवर आले हे मान्य केलं, आणि त्या वयात मला सोसण्यावाचून पर्याय नव्हता हेही सांगितलं. शिक्षण चांगलं म्हणून मार चांगला होत नाही. हे आपण शिक्षकांनी तर विसरताच कामा नये.

चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य उपचार मिळाले असते तर कदाचित वाचला असता, हे तिच्या मनात कायमचं राहिलं. त्या काळी बाळंतपणात बाई अडली की घरातल्या म्हाताऱ्या बायका जे करतील ते. पुरुष डॉक्टरसमोर जायची लाज, आणि बाई डॉक्टर होतीच कुठे? आनंदीनं डॉक्टर व्हायचं ठरवलं त्याचं मूळ या दहा दिवसांत आहे.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज. मुंबईला आनंदी मिशनच्या शाळेत जाऊ लागली. तिथे बायबल वाचणं सक्तीचं होतं आणि तिला ती सक्ती खटकली. बाहेर रस्त्यावर वेगळाच त्रास. पुस्तकं घेऊन चाललेली ब्राह्मणाची सून बघायला लोक खिडकीत जमायचे, हसायचे, टोमणे मारायचे. आनंदीबाईंच्या आयुष्यातली दुष्टाई ही अशी होती. कोणी एक खलनायक नव्हता. शेकडो साधी माणसं होती, प्रत्येकानं थोडंथोडं टोचलेलं. त्यांच्यातल्या एकालाही आपण काही वाईट करतोय असं वाटलं नसणार.

कोल्हापूरला असतानाच, १८७८ मध्ये, गोपाळरावांनी एक धाडस केलं होतं. रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी आधी कोल्हापुरात काम करून मायदेशी परतले होते आणि तिथे मिशनरी रिव्ह्यू नावाचं मासिक चालवत होते. गोपाळरावांनी त्यांना पत्र लिहिलं. पत्नीला अमेरिकेत शिकवायचं आहे, मला तिथे काही काम मिळेल का, अशा अर्थाचं. वाइल्डर यांनी ते पत्र मासिकात छापलं आणि खाली आपलं उत्तरही छापलं. उत्तराचा रोख सरळ होता. तुम्ही ख्रिस्ती व्हा, मग पाहू.

वाइल्डर दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी आपल्या श्रद्धेप्रमाणे उत्तर दिलं. पण मदतीला किंमत लावली गेली, आणि ती किंमत जोशी पती-पत्नीला देता येण्यासारखी नव्हती. पत्र छापून झालं, विषय संपला. तसा तो संपलाही असता.

पुढचा प्रसंग इतका साधा आहे की कथेत लिहिला तर कोणी विश्वास ठेवणार नाही. १८८० साली रोझेलच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आपला नंबर येईपर्यंत काय करायचं? समोर मिशनरी रिव्ह्यूचा जुना अंक पडलेला. आपण दवाखान्यात जुनी मासिकं चाळतो, अगदी तसंच त्यांनी चाळलं. त्यात ते पत्र सापडलं. त्यांनी वाइल्डरचं उत्तरही वाचलं असणार. पण त्यांच्या मनात राहिली ती हजारो मैलांवरची शिकू पाहणारी मुलगी. घरी येऊन त्यांनी त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं.

बस, एवढंच केलं. पैसे पाठवले नाहीत, समिती नेमली नाही. एक पत्र लिहून पोस्टात टाकलं.

तुमच्यापैकी काहींनी दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट वाचली असेल. बायबलच्या नव्या करारात, लूकच्या शुभवर्तमानात ती आहे. वाटेत चोरांनी एका माणसाला मारून अर्धमेला टाकलेलं असतं. एक याजक येतो, बघतो आणि रस्त्याच्या पलीकडून निघून जातो. दुसरा मंदिराचा सेवक, तोही तसाच जातो. मग येतो एक शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना तुच्छ मानत त्यांच्यातला. तो थांबतो, जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसेही देतो. येशूनं ही गोष्ट शेजारी म्हणजे कोण, या प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगितली. जखमी माणसाचा धर्म कोणता, हे शोमरोन्यानं विचारल्याचं गोष्टीत कुठेही नाही. कार्पेंटरबाईंनी आनंदीला पत्र लिहिताना ही गोष्ट मनात आणली होती की नाही, कोण जाणे. त्या मात्र थांबल्या.

मग पत्रांचा सिलसिला सुरू झाला. आनंदीचं इंग्रजी एव्हाना चांगलं झालं होतं. ती सणांबद्दल लिहायची, बालविवाहाबद्दल लिहायची, बायकांच्या आजारपणाबद्दल लिहायची. कार्पेंटरबाई आपल्या घराबद्दल लिहायच्या. हळूहळू आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. आपल्याकडे आईनंतर मायेचं नातं मावशीचंच, आई गेली तरी मावशी उरावी म्हणतो आपण. या मावशीला तिनं तोवर पाहिलंही नव्हतं.

गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. कोलकाता, मग सेरामपूर. तिथे आनंदीची तब्येत ढासळली. सतत डोकेदुखी, अधूनमधून ताप, अशक्तपणा, दम लागणं. मावशीनं अमेरिकेतून औषधं पाठवली! विचार करा, बोटीनं किती आठवडे लागत असतील. औषधांचा फारसा उपयोग झाला नाही. पण आपल्या दुखण्याची कोणीतरी समुद्रापलीकडे काळजी करतंय, याचा उपयोग झाला नसेल असं मला वाटत नाही.

अमेरिकेला जायचं ठरल्यावर दोन्हीकडून ओरड झाली. सनातनी म्हणाले, समुद्र ओलांडला की धर्म बुडाला. काही ख्रिस्ती मंडळींना वाटत होतं, जायचंच तर बाप्तिस्मा घेऊन जा. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई बोलायला उभ्या राहिल्या. वय सतरा, अठरावं पुरं व्हायचं होतं. हे कॉलेज १८१८ मध्ये विल्यम केरी आणि त्यांच्या सहकारी मिशनऱ्यांनी स्थापन केलेलं. तिथे उभं राहून तिनं सांगितलं की देशाला हिंदू बाई डॉक्टरची गरज आहे, आणि मी हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन. भाषणाची बातमी देशभर गेली आणि ठिकठिकाणांहून मदत येऊ लागली.

७ एप्रिल १८८३ ला ती कोलकात्याहून बोटीत बसली. नवरा सोबत नाही. सोबतीला ख्रिस्ती बायका होत्या. प्रवास सोपा गेला नाही. धर्म बदल म्हणून पाठी लागणं झालं, वागणूकही मायेची नव्हती. माशा-मांसाच्या ताटांपुढे शाकाहारी मुलीनं दोन महिने कसे काढले असतील ते तुम्हीच ठरवा. ४ जून १८८३ ला न्यू यॉर्कला बोट लागली. धक्क्यावर कार्पेंटरबाई हजर!

म्हणजे त्या बोटीतही ख्रिस्ती बायकाच होत्या आणि धक्क्यावरही ख्रिस्ती बाईच होती. पुस्तक एक, प्रार्थना एक. फरक कशात होता, हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही. त्यांना वर्गात रोज कळत असतं, डबा कोण दाखवून खातं आणि कोण वाटून खातं.

रोझेलच्या घरात आनंदीचा उन्हाळा गेला. ती त्या घरात साडी नेसली, कुंकू लावलं, शाकाहारी राहिली. तिनं मराठी पद्धतीचा स्वयंपाक करून तिथल्या पाहुण्यांना जेवू घातलं. घरातल्या मुलींशी तिची गट्टी जमली. त्या घरानं तिला बदलायला लावलं नाही, हीच माझ्या मते त्या घराची सगळ्यात मोठी देणगी. मग कॉलेज सुरू व्हायच्या वेळी मावशी तिला फिलाडेल्फियाला पोचवायला गेल्या. आपल्याकडे मुलीला वसतिगृहात सोडायला आई जाते ना, तसंच.

पेनसिल्व्हेनियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय १८५० पासून चालू होतं. डीन होत्या रेचेल बॉडली. त्यांनी आनंदीला प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही मिळवून दिली. पण थंडी! खोलीतली शेगोटी धड नव्हती. पेटवली तर धूर कोंडायचा, विझवली तर गारठा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहून थंडी बाधते, म्हणून तिनं पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. एवढ्याशा बदलासाठीही नवऱ्याला पत्रातून कारणं द्यावी लागली. अभ्यास, थंडी, अपुरं खाणं. तब्येत आधीच नाजूक, पुढे क्षयानं गाठलं.

१८८५ मध्ये गोपाळराव स्वतः अमेरिकेत पोहोचले. तिथे त्यांनी व्याख्यानं दिली आणि त्यात अमेरिकन लोकांवर, ख्रिस्ती मिशनऱ्यांवर झोड उठवली. ज्यांच्या घरी पत्नीला आसरा मिळाला, त्यांच्याच धर्मावर जाहीर टीका. आनंदीला किती अवघड झालं असेल! पण मावशीचं दार बंद झालं नाही. ही मला पत्रापेक्षाही मोठी गोष्ट वाटते. अनोळखी माणसाला पत्र लिहिणं एकवेळ जमतं. पाहुणा घरात येऊन आपल्यालाच बोल लावतो तेव्हा माया टिकवणं कठीण.

११ मार्च १८८६. आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांच्या त्या बाळाची आई दुसरं काय निवडणार? समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. त्या आनंदीबाईंच्या नात्यातल्या, आणि १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेल्या. एक हिंदू राहिलेली, एक ख्रिस्ती झालेली, दोघी त्या दिवशी एकत्र होत्या. राणी व्हिक्टोरियाकडूनही अभिनंदनाचा संदेश आला.

कोल्हापूर संस्थाननं आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्री विभागाची प्रमुख म्हणून नेमलं. ऑक्टोबरमध्ये त्या निघाल्या आणि १६ नोव्हेंबर १८८६ ला मुंबईत उतरल्या. स्वागत जोरात झालं. जे कालपर्यंत हसत होते त्यांच्यातलेही काही बघायला आले असतील. पण त्या हॉस्पिटलमध्ये त्या एकही दिवस काम करू शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग उपयोग काय झाला? इतक्या लोकांची मदत, इतकं शिक्षण, आणि त्या हॉस्पिटलमध्ये एक दिवसही काम नाही. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी भाषणातलं देणार नाही, पुढे काय घडलं तेवढं सांगते.

पदवीदानाला आलेल्या रमाबाई परत गेल्या नाहीत, अमेरिकेतच राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते १८८७ मध्ये निघालं आणि त्याला प्रस्तावना लिहिली रेचेल बॉडली यांनी, म्हणजे आनंदीच्याच डीननं. रमाबाई गावोगाव बोलत फिरल्या. भारतात बालविधवांसाठी शाळा काढायची होती. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला त्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि जागोजागी मंडळं निघाली. या मंडळांच्या सभासदानं काय द्यायचं? वर्षाला एक डॉलर, दहा वर्षं. चर्चमधून घरी जाणाऱ्या साध्या बायका, शिक्षिका, कोणाच्या आज्या. बहुतेकींनी हिंदुस्थान नकाशातच पाहिलेला. तरी वर्षाचा एक डॉलर त्यांनी बाजूला ठेवला.

त्या डॉलरांतून मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तारीख बघा, ११ मार्च १८८९. आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी. सदनात पहिल्या विधवा विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. पुढे धोंडो केशव कर्व्यांनी या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, आणि लग्नानंतर त्यांचं नाव झालं आनंदीबाई. महर्षी कर्वे आणि हिंगण्याचं काम तुम्हाला पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहे. शारदा सदनावरून पुढे धर्मांतराचा मोठा वाद पेटला, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण डोंबिवलीत फडके रोडनं चालताना किंवा कल्याणात टिळक चौकातून जाताना स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्या पाट्या मोजून बघा. माझ्या वर्गातल्या मुलींना मी एकदा हे काम दिलं होतं. वहीचं पान पुरलं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. आनंदीबाईंच्या अंत्यविधीनंतर गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कुठल्या नदीत सोडल्या नाहीत. त्यांनी त्या अमेरिकेला मावशीकडे पाठवल्या. न्यू यॉर्क राज्यात पकीप्सी नावाच्या गावी कार्पेंटरबाईंच्या घराण्याची दफनभूमीत जागा होती. मावशींनी आपल्या माणसांच्या रांगेत त्या अस्थी ठेवल्या आणि वर दगड उभा केला. सगळ्या ख्रिस्ती नावांमध्ये त्या दगडावर आनंदीबाई जोशी हे नाव आहे, आणि ही ब्राह्मण बाई शिक्षणासाठी हिंदुस्थानाबाहेर पडलेली आपल्यातली पहिली, असं त्याखाली कोरलं आहे. तो दगड अजून तिथे उभा आहे.